घाट, गंज आणि पासिंग

अपघाताच्या बातम्यांत दोन शब्द इतक्या वेळा येतात की वाचताना आता नजर त्यांच्यावर थांबतही नाही : ‘ब्रेक फेल’. ट्रक दरीत गेला, कारण ब्रेक फेल. जीप कठड्यावर आदळली, कारण ब्रेक फेल. हे शब्द आले की बातमीही संपते आणि चौकशीही. वीज पडावी किंवा दरड कोसळावी, तसा कुणाच्या हातात नसलेला प्रकार असावा, असा त्यांचा सूर असतो.

पण ब्रेक वीज पडल्यासारखा जात नाही. अपवादाचे प्रसंग सोडले तर तो झिजत जातो, गंजत जातो, तापत जातो, आणि या प्रत्येक अवस्थेची खूण लोखंडावर उरते. ती खूण कुणी बघायची, केव्हा बघायची आणि बघितल्याची नोंद कुठे ठेवायची, हे प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेले आहेत. बोलीभाषेत आपण या तपासणीला ‘पासिंग’ म्हणतो. गाडी पासिंगला नेली, पासिंग संपलं, पासिंग करून आणलं. हा लेख त्या पासिंगच्या इतिहासाचा आहे. तो सांगण्यासाठी मी गगनबावडा निवडला आहे, कारण ब्रेकची जी परीक्षा कार्यालयाच्या आवारात व्हायची, ती इथे रोज रस्त्यावर होते.

बावड्याची वाट

कोल्हापूरहून पश्चिमेला सुमारे पंचावन्न किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा आहे. गावाच्या डोक्यावर गगनगड आहे आणि पायाशी कोकण. माथ्यावरून खाली जाणाऱ्या वाटा दोन. करूळ घाटाने वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस या तालुक्यात पडतो. कोल्हापूर शहराच्या तो काही पट असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटात ढग रस्त्यावर उतरलेला असतो आणि समोरच्या गाडीचे लाल दिवे दिसले तरच ती गाडी आहे हे कळते.

बंदरावरचा माल देशावर आणायचा तर या वाटा पूर्वापार महत्त्वाच्या. मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. धान्य आणि गूळ खाली जायचा. चाकाची गाडी घाटात येण्याआधी हा व्यापार बैलांच्या पाठीवरून चालला. पाठीवर गोणी घातलेल्या बैलाला ब्रेक लागत नाही. त्याचा पाय हाच त्याचा ब्रेक. चाक आले आणि घाटात पहिल्यांदाच थांबवण्याचा प्रश्न उभा राहिला. चढणीला जास्तीचे बैल जुंपता येतात, पण उतरणीला बैल कितीही असले तरी गाडी त्यांच्या अंगावर येते. मग चाक साखळीने जखडायचे, मागे ओंडका बांधून तो फरफटत न्यायचा, थांबायचे असेल तिथे चाकाखाली दगड टाकायचा. डोंगराळ मुलखात जगभर हेच उपाय दिसतात. चाकाखाली दगड टाकण्याची रीत तर आजही घाटात ट्रकबरोबर टिकून आहे.

बावडा हे अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे. ज्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याला ‘पंत अमात्य बावडेकर’ ही ओळख मिळाली, त्यांच्याच नावावर अठराव्या शतकाच्या आरंभीचे ‘आज्ञापत्र’ आहे. त्यातल्या दुर्गप्रकरणाचे कौतुक आपण राजनीती म्हणून करतो. मला मात्र त्यातली एक अगदी व्यवहारातली सूचना इथे महत्त्वाची वाटते. गडावरच्या दारूगोळ्याची तपासणी कशी व्हावी, हे त्यात सांगितले आहे. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू आणि बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा त्याचा आशय. या सूचनेत तपासणीची चारही अंगे आहेत. मुदत ठरलेली आहे. जबाबदार माणूस ठरलेला आहे. वस्तू प्रत्यक्ष बाहेर काढून पाहायची आहे. आणि पाहिल्याची खूण म्हणून मोहोर आहे. शिवाय मुदत हवामानाकडे बघून ठरवलेली आहे. दमट डोंगरात दारू सादळते, म्हणून आठ-पंधरा दिवस. वस्तू कुणाच्या मालकीची, तिचे भाडे कोण देतो, याचा त्या मुदतीशी संबंध नाही.

आपल्या मोटार कायद्याने ही चार अंगे कशी हाताळली, ते पुढे पाहायचे आहे. त्याआधी उतार ब्रेककडून काय वसूल करतो, ते समजून घेतले पाहिजे.

उताराचा हिशेब

मी अभियंता नाही, पण हा हिशेब शाळेतल्या विज्ञानापलीकडचा नाही. माणसांसह दीड टन वजनाची मोटार शंभर मीटर उंची उतरते, तेव्हा तिच्यातून सुटणारी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर तिची उष्णता होते. ही उष्णता साधे साडेचार लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला पुरेल इतकी असते. सोळा टनांचा भरलेला ट्रक असेल तर पन्नास लिटर. घाटात असे शंभर मीटर एकदा नाही, काही वेळा उतरायचे असतात.

या उष्णतेतला काही भाग हवेचा विरोध आणि टायर घेतात. खालच्या गिअरमध्ये गाडी असेल तर मोठा भाग इंजिन घेते. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या वाट्याला येते. म्हणून जुने चालक नव्या पोराला पहिला धडा देतात तो पायाचा नाही, हाताचा : घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून गाडी सोडणारा माणूस हा सगळा भार ब्रेकवर टाकतो. लायनर किंवा पॅड फार तापले की त्यांची पकड सुटते. पाय दाबलेला असतो, पण गाडी थांबत नाही. गाडी बाजूला घेऊन तासभर थांबले तर तेच ब्रेक पुन्हा लागतात. त्यामुळे अपघातानंतर थंड झालेल्या गाडीत दोष सापडला नाही, तर चालक खोटे बोलतो असेच ठरते.

दुसरी भानगड ब्रेक ऑइलची. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. लहान गाड्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘डॉट ३’ जातीच्या नव्या, कोरड्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर त्यासाठीची मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणजे वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल कोल्हापूरच्या सपाट रस्त्यावर कधी त्रास देणार नाही आणि करूळच्या उतारावर उकळेल. नळीत वाफ झाली की पेडल स्पंजासारखे दबते आणि जमिनीला टेकते. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीत काहीही बिघडलेले दिसत नाही.

बिडाची ताटली

ब्रेकच्या इतिहासातही डोंगराचा हात आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ राहत असे. तिथल्या टेकड्यांवरून उतरणाऱ्या घोडागाड्यांचे ब्रेक तो पाहत होता. लाकडी ठोकळ्यांची पकड वाढावी म्हणून गाडीवान त्यांना जुने बूट बांधत, असे सांगतात. फ्रूडने १८९७ मध्ये घर्षणासाठी खास पदार्थ बनवायला सुरुवात केली. आपल्या मेकॅनिकांच्या तोंडी असलेले ‘फेरोडो’ हे नाव त्याच्याच आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून, त्यांत पत्नी एलिझाबेथच्या नावातला ‘ई’ मिसळून तयार झाले. उतारावरच्या गाडीवानाच्या अडचणीतून उभा राहिलेला हा उद्योग पुढे जगभरच्या मोटारींना लायनर पुरवू लागला.

डिस्क ब्रेकची कल्पनाही जुनीच. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण त्याने वापरलेले तांब्याचे पॅड भयंकर आवाज करीत आणि धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. कल्पना पन्नास वर्षे मागे पडली. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली आणि डिस्कचे दिवस आले. आपल्या रस्त्यांवर मात्र अँबॅसिडर आणि पद्मिनी यांच्या काळात ड्रमचेच राज्य होते. पुढे लहान मोटारींना पुढच्या चाकांत डिस्क आणि मागे ड्रम ही मांडणी रूढ झाली आणि बहुतेक लहान गाड्यांत ती अजून तशीच आहे.

डिस्क म्हणजे बिडाची ताटली. बीड म्हटले की आपल्याला आंबोळीचा तवा आठवतो, पण कोल्हापूरकराला फाउंड्रीही आठवली पाहिजे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांत ओतले जाणारे बीड देशभरच्या वाहन कारखान्यांत जाते. गुऱ्हाळाच्या चरक्यांपासून आणि ऑइल इंजिनांपासून सुरू झालेला हा धंदा आज कोल्हापूरची ओळख आहे. म्हणजे ब्रेकचा धातू काय असतो, तो कसा थंड होतो आणि कुठे तडकतो, हे जाणणारी माणसे गगनबावड्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर शेकड्यांनी आहेत.

बीड उष्णता चांगली झेलते, स्वस्त पडते, लेथवर सहज उतरते. त्याचा दोष एकच. ते गंजते, आणि डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला रंग लावता येत नाही. बावड्याच्या पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पाहिली तर चाकाच्या आरपार तांबूस ताटली दिसते. हा गंज वरवरचा असतो. पहिल्या पाच-दहा ब्रेकमध्ये पॅड तो पुसून टाकतात. त्याला घाबरण्याचे कारण नाही, आणि तो पाहून डिस्क बदलायला लावणारा मेकॅनिक गिऱ्हाईकाला फसवतो.

खरा गंज निराळा. गाडी महिना-महिना पावसात उभी राहिली, तर गंज ताटलीत खोल शिरतो आणि खड्डे पडतात. पॅड त्या खड्ड्यांवरून फिरतात तेव्हा पूर्ण पृष्ठभाग कामाला येत नाही. ताटलीच्या कडेला, जिथे पॅड पोचत नाही, तिथे गंजाची आणि न झिजलेल्या धातूची कड उभी राहते. बोट फिरवले तर ती लागते; किती धातू झिजला, याचा तो अंदाज. ताटलीची कमीत कमी जाडी किती हवी, हा आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली गेलेली ताटली उष्णता साठवू शकत नाही आणि तडकू शकते. सर्वांत फसवा प्रकार आतल्या बाजूचा. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या की एकाच बाजूचा पॅड काम करतो. बाहेरची बाजू चकचकीत दिसते आणि आतली खरवडून निघालेली असते. चाक काढल्याशिवाय आणि वाकून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

म्हणजे ब्रेक किती दिवस टिकेल, हे गाडीच्या वयावर कमी आणि ती कुठल्या उतारावर, कुठल्या हवेत फिरते यावर जास्त अवलंबून असते. सोलापूरच्या कोरड्या सपाटीवरची दहा वर्षांची गाडी आणि गगनबावडा-वैभववाडी रोज करणारी चार वर्षांची गाडी यांची तुलना कागदावरच्या वर्षांनी होत नाही. नेमका इथेच आपला कायदा वर्षे मोजतो.

कायद्याची नजर भाड्यावर

मोटार येण्याच्या खूप आधी, १८६३ मध्ये, मुंबईत भाड्याने चालणाऱ्या गाड्यांसाठी कायदा झाला. घोडा, गाडी आणि हाकणारा यांवर सरकारने लक्ष ठेवावे, कारण प्रवासी अनोळखी माणसाच्या गाडीत बसतो आणि तिची स्थिती त्याला पाहता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व म्हणता येईल. स्वतःच्या बग्गीत बसणारा शेठ स्वतःची काळजी घेईल, हे न बोलता धरलेले होते.

मोटार आली तेव्हा हे तत्त्व तसेच पुढे गेले. १९१४ चा पहिला अखिल भारतीय मोटार कायदा मुख्यतः नोंदणी, चालकाचा परवाना आणि बेदरकारपणा यांच्याबद्दल होता. १९३९ च्या कायद्याने वाहनाच्या योग्यतेचे प्रमाणपत्र ठळकपणे मांडले. प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या परिवहन वाहनाकडे असे प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध मानायची नाही, असे कलम ३८ ने ठरवले. १९८८ च्या कायद्यात तेच तत्त्व कलम ५६ मध्ये आले आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाले. नियमांनी मुदती घातल्या. नव्या परिवहन वाहनाला पहिली दोन वर्षे आणि नंतर दरवर्षी पासिंग. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांना ही मुदत दोन वर्षांची आणि त्यापुढे एक वर्षाची झाली.

खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची. त्या पंधरा वर्षांत तिचा धूर तपासला जातो, विमा विचारला जातो, पण तिचे ब्रेक कायद्याने कुणी पाहत नाही. १९३९ साली मोटार बाळगणारी कुटुंबे मोजकी होती आणि बहुतेकांकडे पगारी ड्रायव्हर असे, तेव्हा हे चालून गेले असेल. आज पावसाळ्यातल्या रविवारी धबधबे पाहायला गगनबावड्याला येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत जवळपास प्रत्येक गाडी खाजगी असते. ती आठवडाभर शहरात उभी असते, चालवणाऱ्याला घाटाची सवय नसते आणि तिच्या डिस्कची जाडी त्याने कधी विचारलेली नसते. शिवाय ‘खाजगी’ म्हणून नोंदलेली एखादी जीप प्रत्यक्षात वडाप करत असेल, तर ती दोन्ही चाळण्यांतून सुटते.

इतर देशांनी हा भेद कधी सोडला? पश्चिम जर्मनीने १९५१ मध्ये ठरावीक मुदतीची तपासणी सक्तीची केली. ब्रिटनमध्ये अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूक मंत्री असताना सप्टेंबर १९६० पासून दहा वर्षांहून जुन्या मोटारींना ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग यांची तपासणी लागू झाली. ती परिवहन मंत्रालयाच्या आद्याक्षरांवरून ‘एमओटी’ म्हणून ओळखली जाते. पुढच्याच वर्षी दहाची सात वर्षे झाली आणि १९६७ मध्ये सातची तीन. मूळ मुदत फार लांब आहे, हे पहिल्या काही वर्षांतच लक्षात आले आणि त्यांनी ती बदलली. तिथल्या तपासनिसाला वरवरचा गंज आणि ताटलीची उघड झीज यांत फरक करायला शिकवलेले असते. ही तपासणी खाजगी गाड्यांनाही लागू आहे, कारण ब्रेक न लागणारी गाडी फक्त स्वतःच्या मालकालाच मारत नाही.

आपल्याकडे भाड्याच्या वाहनांत एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे, तो एसटीचा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे हा मुलूखही एसटीच्या जाळ्यात आला. आज गगनबावड्याला स्वतंत्र आगार आहे. एसटीची शिस्त वार्षिक पासिंगवर उभी नाही. आगारातली रोजची तपासणी, ठरावीक किलोमीटरनंतरची देखभाल, चालकाने लिहून दिलेली तक्रार आणि दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळेतली पूर्ण दुरुस्ती, अशी ती साखळी आहे. ती आज किती सैल झाली आहे, सुटे भाग वेळेवर मिळतात का, यावर कर्मचारीच कडवटपणे बोलतात, आणि ते खरेही असेल. पण रचनेचा विचार योग्य आहे. इथे मुदत किलोमीटरवर ठरते, तक्रार लेखी असते आणि गाडी कुणी पाहिली ते नावानिशी कळते. आज्ञापत्रातल्या हवालदाराशी सर्वांत जवळचे नाते आगारातल्या मेकॅनिकचे आहे.

कागदावर पास

कायदा चांगला असला तरी पासिंग प्रत्यक्षात कसे होते, हा पुढचा प्रश्न. गाडी आवारात आणायची, निरीक्षकाने भोवती फेरी मारायची, चासी नंबर जुळवायचा, दिवे-हॉर्न पाहायचे, रिफ्लेक्टर पाहायचे. ब्रेक पाहायचा तर गाडी ठरावीक वेगाने चालवून ठरावीक अंतरात थांबते का, हे पाहिले पाहिजे. त्याला मोकळा रस्ता लागतो. अनेक कार्यालयांकडे तो नव्हता. एका निरीक्षकापुढे दिवसाला उभ्या राहणाऱ्या गाड्या आणि हातात असलेले तास यांचा भागाकार केला, तर एका गाडीला काही मिनिटेच मिळत.

या प्रश्नाला न्यायालयात नेले ते पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी. त्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आरटीओ कार्यालयांना ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा मार्ग उभारायला सांगितले. पुढे जिथे मार्ग नाही तिथे प्रमाणपत्र देऊ नये, इथपर्यंत आदेश गेले. सरकारने मुदतवाढ मागितली, जागा शोधल्या, काही ठिकाणच्या गाड्या दुसऱ्या गावी पाठवल्या. २०१८ मध्ये नियम डावलून प्रमाणपत्रे दिल्याबद्दल ३७ अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. एवढ्या मोठ्या राज्यात, एवढ्या जुन्या कायद्याखाली, ब्रेक पाहायला मोकळा रस्ता लागतो ही साधी गोष्ट एका नागरिकाला न्यायालयाकडून वदवून घ्यावी लागली. विषयाच्या इतिहासात मला ही नोंद सर्वांत बोलकी वाटते.

त्यानंतर यंत्राचा पर्याय आला. नाशिकला असे केंद्र आधीच उभे होते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. अवजड वाहनांना अशाच केंद्रात जाण्याची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून व्हायची होती, ती १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत पुढे गेली. या केंद्रात गाडीची चाके फिरत्या रुळांवर येतात आणि ब्रेक दाबल्यावर प्रत्येक चाक किती जोर लावते, हे यंत्र आकड्यात सांगते. डाव्या-उजव्या चाकांतला फरक लगेच कळतो. अडकलेली पिन, खड्डे पडलेली ताटली, तेल लागलेले लायनर यांची चाहूल त्या आकड्यातून लागते. निरीक्षकाची मर्जी, एजंटाची ओळख आणि गर्दीची घाई या तिन्हींवर आकडा हा चांगला उतारा आहे.

तरी यंत्राची मर्यादाही ओळखावी. रुळांवरची चाचणी काही सेकंदांची असते आणि ब्रेक तेव्हा थंड असतात. करूळ घाटाच्या मध्यावर, दहा मिनिटे पाय दाबून धरल्यावर ते काय करतील, हे ती सांगत नाही. ऑइलमध्ये किती पाणी मुरले, हेही त्या आकड्यात दिसत नाही. आणि चाचणी मोठ्या शहराजवळ गेली की डोंगरातल्या एका ट्रकवाल्याचा किंवा जीपवाल्याचा पूर्ण दिवस, डिझेल आणि भाडे जाते. तो ते टाळायचा प्रयत्न करील, यात नवल नाही. टाळणाऱ्याला नुसते बेशिस्त म्हणून भागत नाही. तपासणी जवळ आणि स्वस्त करणे हा सुरक्षेचाच भाग आहे.

फेल झाला म्हणजे काय झाले?

आता सुरुवातीच्या दोन शब्दांकडे येतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुणे-बंगळुरू महामार्गावर, पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर, एका ट्रकने एकामागून एक अनेक गाड्यांना धडक दिली. नुकसान झालेल्या वाहनांची संख्या अठ्ठेचाळीसच्या आसपास सांगितली गेली. पहिल्या बातम्या ठरलेल्या होत्या : ब्रेक फेल. नंतर गाडी तपासली तेव्हा वेगळेच समोर आले. ब्रेक निकामी नव्हते. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे तपासातून सांगण्यात आले. हवेच्या ब्रेकला लागणारी हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद असताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरत जाते.

या तपासणीचे मोल दुहेरी आहे. ‘ब्रेक फेल’च्या आड लपलेले खरे कारण त्यातून कळले. त्यामुळे उपायही बदलला : ब्रेक बदलण्याऐवजी उतारावर गिअर कसा ठेवायचा हे शिकवणे, आणि डिझेल वाचवण्याचा दबाव चालकावर कुणाचा आहे, हे विचारणे. उलट जिथे खरोखरच डिस्क किंवा लायनर संपलेले असते, तिथे गाडी न तपासताच चालकावर भरधाव वेगाचा गुन्हा दाखल झाला, तर गाडी तशीच रस्त्यावर पाठवणारा मालक आणि तिला पास करणारी सही दोन्ही सुटतात.

देशात २०२२ मध्ये ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. केंद्रीय मंत्रालयाच्या त्या अहवालात सर्वांत मोठे कारण अतिवेग आहे. पूर्वीच्या अहवालांत वाहनातल्या दोषाचाही रकाना असे आणि त्याचा वाटा नेहमीच अगदी लहान दिसे. तो लहान असण्याची दोन कारणे संभवतात. एक, आपल्या गाड्या उत्तम स्थितीत आहेत. दोन, चाक काढून पाहायची पद्धतच नाही, म्हणून दोष नोंदला जात नाही. रस्त्यावरच्या गाड्या पाहणाऱ्याला पहिले कारण पटणे कठीण आहे.

करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा वाहता झाला. मधल्या काळात वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांनी वळली. रस्ता चांगला झाला हे बरेच झाले. पण खड्डे असताना वेग आपोआप रोखला जात होता, तो आता चालकाच्या पायाने रोखायचा आहे. रस्ता सुधारला की ब्रेकवरचा भार वाढतो, हे गणित कंत्राटाच्या कागदात येत नाही.

घाटाच्या माथ्यावर आज फलक आहेत, कठडे आहेत, वळणांचे आरसे आहेत. हे सगळे रस्त्याचे पासिंग झाले. वाहनाच्या पासिंगचे काम मात्र अजून पंचावन्न किलोमीटर मागे, कोल्हापुरात होते, किंवा पुढे ओरोसला. ते माथ्यावर आणणे अवघड नाही. निदान जूनच्या आधी एकदा आणि गणपतीच्या गर्दीआधी एकदा गगनबावड्यात तपासणीचे शिबिर भरावे. त्यात खाजगी गाडीलाही दंडाच्या भीतीशिवाय येता यावे. ऑइलमधले पाणी मोजायचे खिशात मावणारे यंत्र आणि डिस्कची जाडी मोजायची पट्टी, एवढ्यावर निम्मे काम होते. कोल्हापूरच्या फाउंड्री आणि गॅरेज व्यवसायातली माणसे त्यात आली, तर ज्ञान बाहेरून आणावे लागणार नाही. आणि घाटात अपघात झाला तर पंचनाम्यात चार ओळी सक्तीच्या कराव्यात : गाडी कुठल्या गिअरमध्ये होती, डिस्क किंवा लायनरची जाडी किती उरली होती, ऑइल कधी बदलले होते, शेवटचे पासिंग कुठे आणि कुणाच्या सहीने झाले होते.

या चार ओळी दहा वर्षे नीट लिहिल्या गेल्या, तर त्यानंतर हा इतिहास लिहिणाऱ्याला बातम्यांवर विसंबावे लागणार नाही. करूळच्या कुठल्या वळणावर कुठल्या गाड्या का थांबल्या नाहीत, हे त्याला सांगता येईल, आणि पासिंगची मुदत वर्षांवर ठेवायची की उतार-पावसावर, हे ठरवायला सरकारकडे आधार असेल.